पासवर्ड बरोबर होता

वरसे, रोहा
८ जानेवारी २०२५

नफे,

पत्र बघून हसू नको. फोन नाय माझ्याकडे. सोमवारपासून आमच्या सुपरवायझरने, हरेशने, भंगारच्या यार्डातल्या सगळ्यांचे फोन कपाटात कोंबून कुलूप लावलंय. वरशातल्या खोल्या बी ठेकेदाराच्याच, ओटीवर त्याचा माणूस बसलेला. दुसऱ्या कुणाचा फोन मागितला तरी कान टवकारून ऐकतो. म्हणून हे आईच्या टोपलीतून पाठवतेय. पोपटीच्या शेंगा भाजायच्या मडक्यात घालतात तो भांबुर्ड्याचा पाला विकायला ती गाडीने रोह्याला येते. भांबुर्ड्याच्या जुडीखाली कोण हात घालतो? आणि पाला विकणाऱ्या कातकरणीच्या तोंडाकडे तर कुणी बघत बी नाय.

सुभाषला मारलं गो. माझ्या भावाला.

तुला म्हायतीच हाय, तो दिवाळीनंतर इथेच लोडिंगला लागला. मी त्याची बहीण हे यार्डात कुणाला म्हायती नाय. मी लग्नानंतर जाधव झाले, तो वाघमारे, आणि आम्ही दोघंही गप्प राह्यलो. सोमवारी दुपारी मालक आलेला. तांब्याची तार कमी भरली. तार विकतो कोण ते अख्ख्या यार्डाला ठाऊक हाय, हरेशच विकतो. पण मालकासमोर चोर पायजे होता. सुभाष तारेची बंडलं घेऊन मागच्या फाटकाने निघालेला, हरेशनेच पाठवला होता, स्वतःच्या सहीची चिठ्ठी देऊन. त्यालाच धरला.

मी हे सांगतेय ते ऐकीव नाय. मी बघलंय. मागच्या बाजूचा कॅमेरा मेलाय असं हरेश समजतो, कारण त्याचं चित्र पडद्यावर येत नाय. पण रेकॉर्डिंग होतंय. मंगळवारी मी शोधून काढलं आणि एकटीने बघलं. आवाज नाय त्याला. सुभाष खिशातून चिठ्ठी काढतो, हात वर करून दाखवतो. हरेश ती घेतो, वाचतो, फाडतो. मग त्याच हाताच्या कोपरावर सळईचा पहिला फटका. सुभाष खाली बसला तर दोघांनी त्याला उभा धरला, फटका नीट बसावा म्हणून. तोंड उघडतंय, मिटतंय. शेवटी डोक्यात घातली, आणि मग हरेशने सळई त्याच्याच सदऱ्याला पुसली. सदरा मी घेतलेला गो, दिवाळीला.

आता सुभाष अलिबागच्या दवाखान्यात बेशुद्ध, आणि त्याच्यावर चोरीची तक्रार. पळताना पडला बोलतात. खरं काय ते फक्त रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये हाय. बाहेर नेता येत नाय. पेनड्राइव्हची भोकं बंद केलेली, मशीन लोखंडी पिंजऱ्यात, गेटवर बायकांची बी झडती. आणि हरेशला मशीनमध्ये शिरता येतं. जागा करायला तो मधूनमधून जुनं साफ करतो, तेवढं त्याला शिकवून ठेवलंय. एकदा त्याने मागच्या कॅमेऱ्याची फाइल बघली की संपलं.

मशीनचं सगळं उघडणारा रूटचा पासवर्ड माझ्याकडे हाय. मशीन बसवणारा फोनवरून सांगायचा आणि टाइप मी करायचे, तेव्हा त्यानेच दिला. हरेशला वाटतं मी फक्त गाड्यांच्या एन्ट्र्या मारते.

पेणच्या कॉम्प्युटर क्लासात तू माझ्या शेजारी बसून वडे खायचीस आणि तरी पहिली यायचीस. आता बाहेरच्या कंपन्यांची मशीनं सांभाळतेस. सांग मला, हरेशला मशीनमधून बाहेर कसा काढू? असा की त्याला कळता कामा नये मी काढला. नायतर मी एक दिवस त्याच सळईने त्याचं डोकं फोडीन, आणि मग पोरांना कोण बघेल?

वनिता

* * *

पेण
१० जानेवारी

वने,

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अम्मीला वाचून दाखवलं तर ती चुलीपुढून उठली आणि भाकरी करपली. सकीना बेगमच्या हातची भाकरी करपली, आता समज.

सळईला हात लावायचा नाही. कसम आहे तुला. हात कीबोर्डवर ठेव.

आधी डोक्यात एक गोष्ट घाल. पासवर्ड बदलायचा नाही. बदललास तर त्याला लगेच कळेल की कुणीतरी बदलला, आणि त्या खोलीत बसतेस तू. आपण त्याचा शेल बदलायचा. सरांनी शिकवलेलं आठवतंय का, का माझे वडे मोजत होतीस? माणूस मशीनमध्ये शिरला की त्याचं बोलणं ऐकून काम करणारा एक गडी मशीन त्याला देतं. तो गडी म्हणजे शेल. हरेशला मिळालाय बॅश. तो सांगेल ते करतो, पूस म्हटलं की पुसतो. त्या गड्याला काढून तिथे नोलॉगिन नेमायचा. हा गडी काहीच ऐकत नाही. हे खातं सध्या उपलब्ध नाही, एवढं एक वाक्य टाकतो आणि दाराबाहेर घालवतो. पासवर्ड बरोबर, आणि तरी बाहेर! हरेशला वाटेल मशीन बिघडलं. मशीनवाल्याला फोन करील, तो आज येतो उद्या येतो करील. आपल्याला तेवढे दिवस बस आहेत.

रूटने आत जा आणि हे टाक, जसं लिहिलंय तसंच:

chsh -s /usr/sbin/nologin haresh

तो रोह्याचा जावई असला तरी कमांड त्याची भीड ठेवत नाही. मग हे टाकून बघ:

getent passwd haresh

ओळीच्या शेवटी नोलॉगिन दिसलं की झालं. तुझ्या स्वतःच्या खात्याला आणि रूटला चुकूनही हे करू नको, नाहीतर दोघंही बाहेर आणि मशीन हसत बसेल.

अब्बा वकिलाकडे गेले होते, त्यांचा शाळेतला दोस्त आहे. वकील म्हणतो नक्कल नको, मशीनच जप्त व्हायला हवं, कोर्टाचा हुकूम घेऊन. अर्ज सोमवारी टाकतोय. तोवर ते रेकॉर्डिंग जिवंत ठेवणं तुझं काम.

सुभाषला मी बघून आले. डोळे उघडत नाही. भागीकाकी पोराच्या पायाशी बसून त्याची नखं कापत होती. मी तिथेच बसले. त्याच्यासाठी दुआ करतेय, आणि त्या हरेशसाठी जे मागतेय ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझी नफिसा

* * *

वरसे
१३ जानेवारी

नफे,

केलं! शनिवारी हरेश जेवायला गेला तेव्हा केलं. तीनदा खोडून टाइप केलं. शेवटी नोलॉगिन दिसलं. तोंडाला पदर लावून हसले आणि मग रडले.

त्याच दुपारी बाहेर तमाशा. वजनकाट्यावरचा रितेश बोलला, साहेब, बायको बाळंत होणार हाय, फोन द्या. हरेशने त्याच्या पोटात लाथ घातली. तो वाकला तर मानेवर कोपर. रितेश मातीत पडून ओकत होता आणि हरेश त्याला बोलतो, तुझी बी आता सुटका झाली. हसला कोण म्हायती हाय? ते दोघं. तेच, ज्यांनी सुभाषला धरला होता. मी खिडकीत उभी होते. हातातलं पेन मोडलं तेव्हा मला कळलं.

पण आता मला भीती वाटत नाय. काल-आज त्याने मशीनला हात बी लावला नाय. त्याच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरूनच तो रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये शिरतो ना, तो बंदच हाय. बंद म्हणजे काय, इथे सगळ्यांची एकच तऱ्हा. पडद्याचं बटण दाबलं, अंधार झाला की कॉम्प्युटर बंद केला बोलतात. सकाळी परत बटण दाबायचं, काम जिथे टाकलं तिथून पुढे. हरेशचं खालचं डबडं गणपतीपासून घुरघुरतंय. लाइटबिल ठेकेदाराच्या बापाचं!

आता तो बटण दाबील, पासवर्ड घालील आणि दारातच आपटेल. तेव्हा त्याचं तोंड मला बघायचंय.

आईला सांग, मी जेवते. उद्या संक्रांत, सुभाषच्या तोंडाला तिळाचा कण लाव. ओठावर नुसता टेकव, तरी चालेल.

वनिता

* * *

पेण
१५ जानेवारी

वने, हे वाचशील तशी ऊठ. उभ्या उभ्या कर. बाकीचं पत्र नंतर वाच.

त्याने पडदा बंद केलाय, मशीनमधून तो बाहेर पडलेलाच नाही! शेल बदलला तो पुढच्या वेळी शिरणाऱ्याला लागू होतो. जो आधीच आत बसलाय त्याचा जुना गडी त्याच्याजवळच असतो. तू दाराला कुलूप घातलंस आणि माणूस घरातच आहे, बाई! चूक माझी, मी विचारायला हवं होतं. तो गणपतीपासून आत बसला असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. आमच्याकडे पाणी प्यायला उठलं तरी बाहेर पडून जातात.

रूटने हे टाक:

pkill -KILL -u haresh

याने तो जिथे जिथे आत असेल तिथून उचलून फेकला जाईल. मग परत शिरायला जाईल, तेव्हा नोलॉगिन भेटेल.

अर्ज लागलाय. हुकूम आज-उद्या निघेल, अब्बा पोलिसांबरोबर स्वतः येतील. 

हे पत्र पाला विकणाऱ्या मैनामावशीकडे देतेय. भागीकाकीचं अंग दुखतंय, ती दोन दिवस गाडीला यायची नाही. काळजी करू नको. सुभाषचं तसंच आहे.

लवकर कर गो.

नफिसा

* * *

रोहा, दवाखाना
१८ जानेवारी

नफिसा,

हे शेजारच्या खाटेवरची शिल्पा लिहितेय, मी सांगतेय तसं. माझा उजवा हात प्लास्टरात हाय. फोन परत मिळालाय. तू केलेले सगळे कॉल दिसले. उचलणार नाय. तुझा आवाज ऐकायचा नाय मला, म्हणून पत्र.

तुझं पत्र गुरुवारी दिवस मावळताना, सगळं होऊन गेल्यावर आलं. मैनामावशीला वरसे म्हायती नाय, ती एक स्टेशन आधी निडीला उतरून पाला विकत बसली. आई असती तर बुधवारीच मिळालं असतं. आई का आली नाय ते मला आता म्हायती हाय.

गुरुवारी दुपारी हरेश बाहेरून आला, तोंड पांढरं. कुणाशी बोलला नाय, सरळ केबिनमध्ये. मी माझ्या पडद्यावर बघते तर गेटच्या कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग गेलं. मग काट्याचं गेलं. मला काय समजेना. शेल तर बदलला, मग हा आत कसा? भिंतीपलीकडून त्याच्या बोटांचा आवाज येत होता. तिसरा कॅमेरा गेला. मागचा त्याने शेवटी ठेवला, तो मेलाय असं वाटत होतं ना त्याला. मला कमांड सुचेना. मी उठले आणि भिंतीवरचा मेन खाली ओढला. बॅटरीची वायर दातात धरून उपटली. सगळं काळं झालं.

तो ओरडत आला, लाइट कुणी घालवली. स्वतःच मेन वर केला आणि परत पळाला. मशीन उठेपर्यंत मी पिंजऱ्याला पाठ लावून उभी. मग तो आवाज. पासवर्ड टाकतोय, एंटर. परत टाकतोय, एंटर. परत. पलीकडे खुर्ची आपटली.

आला तो सळई घेऊनच. केस धरले, डोकं पिंजऱ्यावर आपटलं. पासवर्ड बदललास, बोल! मी बोलले, नाय, पासवर्ड तोच हाय तुझा. खोटं नव्हतं ते. त्याने माझा हात टेबलावर दाबला आणि सळई घातली. बोटं मोडल्याचा आवाज झाला, मला वाटलं टेबल मोडलं. मग पिंजऱ्यावर घाव घालायला लागला. पिंजरा हलेना. कातकऱ्यांपासून माल सांभाळायचा म्हणून त्यानेच जाड पट्टीचा बनवून घेतलाय, वेल्डिंग करताना स्वतः उभा होता. दमला तेव्हा माझ्याकडे वळून बोलला, तुमच्यातला तो चोर मेला परवा, अलिबागला. आता तुला बी पाठवतो त्याच्याकडे.

मला हे असं कळलं. त्याच्या तोंडून. सळई हातात धरून बोलला.

पुढचं मला नीट आठवत नाय. डाव्या हाताने लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो पडला. परत घातलं. मी ओरडत होते, सुभाष माझा भाऊ हाय, माझा भाऊ हाय. ते ऐकून माल वेचणाऱ्या बायका आल्या. सीताबाईच्या हातात कोयता. ते दोघं मधे आले तर तिने एकाच्या खांद्यावर उलट्या कोयत्याने असा घातला की तो तिथेच मुतला. दुसरा पळाला, गेटवर रितेशने त्याला काट्याच्या लोखंडावर पाडला. हरेशच्या छातीवर सीताबाई आणि अजून दोघी चढून बसल्या. त्याचा गळा माझ्या पायाखाली होता, नफिसा. मी पाय दाबत होते. सीताबाईने माझी पोटरी धरून ठेवली, बोलली, सोड गो, हा मेला तर सुभाष चोरच राहील. म्हणून सोडला. नायतर सोडला नसता.

तुझे अब्बा आणि पोलीस आले तेव्हा त्या बसलेल्याच होत्या.

आता तू सांग. सुभाष मंगळवारी गेला. बुधवारी तू मला लिहितेस, सुभाषचं तसंच आहे. हात थरथरला नाय तुझा? मला सांगितलं असतंस तर मला कळलं असतं की हरेश घाबरून सगळं पुसायला धावणार. मी तयार राह्यले असते. ते सोड. माझा भाऊ मातीत ठेवला आणि मी गाड्यांच्या एन्ट्र्या मारत होते. संक्रांतीला मी त्याच्या ओठाला तीळ टेकवायला सांगते आणि तू ते वाचतेस!

परत लिहू नको.

वनिता

* * *

पेण
२० जानेवारी

वने,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितेय. फाडायचं तर फाड, पण शिल्पाकडून आधी वाचून घे.

मी खोटं लिहिलं. हात थरथरला, खोटंच लिहिलं. मंगळवारी संध्याकाळी सुभाषने श्वास सोडला तेव्हा मी तिथे होते. मी टाहो फोडून रडले, भागीकाकी रडली नाही. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, वनिताला सांगायचं नाय. तिला कळलं तर ती त्या माणसाला मारून टाकील आन फासावर जाईल. एक गेला, दुसरी नाय देणार मी. मशीन पोलिसांच्या हाती पडेपर्यंत तिच्याशी बोलायचं नाय. आणि स्वतः का आली नाही, तर म्हणाली, टोपली घेऊन तिच्यासमोर गेले तर माझं तोंड बोलेल. तिने मला शपथ घातली, वने, पोराच्या पायाला हात लावून. मला ते मोडता आलं नाही. हरेश बातमी ऐकून पुसायला धावेल हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शिरायला हवं होतं. तुझी बोटं माझ्यामुळे मोडली. त्यासाठी मला हवी ती शिवी दे, तुला सगळ्या येतात.

आता ऐक. शनिवारी मशीन पंचांसमोर उघडलं. चौकीत अब्बा, मी आणि भागीकाकी होतो. मागच्या कॅमेऱ्याचं सगळं आहे. तुझ्या दातांनी वाचवलेलं सगळं. काकीला बाहेर बसा म्हटलं, ती बसली नाही. तिने पोराला मार खाताना बघितलं, पहिल्या फटक्यापासून शेवटच्या फटक्यापर्यंत, मान न वळवता. सदऱ्याला सळई पुसली तिथे अब्बा उठून बाहेर गेले, मी डोळे मिटले. ती बघत राहिली.

हरेशला तेव्हाच आतून आणत होते, पाय ओढत चालत होता. त्याला अजून एकच गोष्ट समजत नाही. साहेबांना परत परत सांगत होता, साहेब, माझा पासवर्ड बरोबर होता. मी बरोबर टाकला होता. तरी मला आत घेतलं नाही, बाहेर काढलं.

भागीकाकी उठली. मला वाटलं थोबाडीत मारणार. शिपाई पण पुढे झाला. तिने हात नाही उचलला. त्याच्या तोंडासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"माझ्या पोराची चिठ्ठी बी बरोबर व्हती."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. सुभाषवरची चोरीची तक्रार खोटी होती असं त्यांनी तिथेच लिहायला घेतलं आणि काकीला वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं. हरेश आणि ते दोघं खुनात अडकलेत.

सुभाषला गडबच्या वाडीवर, नदीकडच्या बाजूला ठेवलंय. दिवसकार्य काकीने थांबवलंय. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली तर म्हणाली, बहिणीशिवाय करायचं नाय, किती बी दिवस लागू देत. रोज संध्याकाळी पाल्याची टोपली रिकामी करून ओटीवर बसते आणि रस्त्याकडे बघते.

गुरुवारी सुट्टी देतील म्हणे तुला. मी गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात थांबते. माझ्याशी बोलू नको, मागच्या सीटवर बस. पण चल.

नफिसा